योजना कोणाची? पंडिता रमाबाई आणि विश्वासाचा व्यवहार

केडगावची जमीन मुळात फळबागेसाठी घेतलेली होती. बॉस्टनमध्ये १८८७च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने हिंदू विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं होतं. शाळा १८८९ साली सुरू झाली. मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी शेवटच्या वर्षावर ढकलला नाही. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला शंभरेक एकर जमीन घ्यायची, संत्री, लिंबं, आंबे लावायचे आणि झाडं धरू लागली की त्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा त्यांचा बेत होता. हिशेब चोख होता. पण बाग हाताशी यायच्या आधीच १८९६चा दुष्काळ आला, पाठोपाठ पुण्यात प्लेग आला, आणि फळांच्या उत्पन्नासाठी घेतलेल्या त्या जमिनीवर शेकडो भुकेल्या मुली राहायला आल्या.

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘स्वतःच्या मार्गापेक्षा देवाच्या योजनेवर विश्वास’ असा आहे. हे वाक्य कुठल्याही उपासनेत ऐकू येतं आणि ऐकणारा मान डोलावतो. अडचण सुरू होते ती, हे वाक्य कोण कोणाला सांगतं आहे, असं विचारल्यावर. तरुण विधवेला सासरा सांगतो, पाळक मंडळीला सांगतो, मिशनचा अधिकारी पगारवाढ मागणाऱ्या शिक्षकाला सांगतो. देवाची योजना अशी नेहमी दुसऱ्याच्या तोंडून कळू लागली, की तिच्यात सांगणाऱ्याची सोय किती आणि देवाची इच्छा किती, हे निवडणं कठीण होतं. रमाबाईंचं आयुष्य या प्रश्नाच्या दृष्टीने फार कामाचं आहे. त्यांनी बेत बारकाईने आखले, ते मोडले तेव्हा सोडूनही दिले. पण आपल्यासाठी देवाला काय हवं आहे हे ठरवण्याचा हक्क त्यांनी बिशपांना दिला नाही, सुधारकांना दिला नाही आणि देणगीदारांनाही दिला नाही.

विश्वासाचा एक प्रकार त्यांनी बालपणीच, अगदी पोटाला चिमटा बसेपर्यंत पाहिला होता. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, आणि आईने मुलीला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांतून पुराणं सांगत दक्षिण हिंदुस्थानभर फिरत राहिलं. दुष्काळ पडला तेव्हा गाठीची पुंजी दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपली. अंगमेहनतीचं काम पंडितांच्या घराला शोभणारं नव्हतं, भीक मागणं त्याहून लाजिरवाणं, आणि पोटापाण्याची कुठलीच विद्या कोणाला दिलेली नव्हती. झाडपाल्यावर दिवस काढल्यावर म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी जलसमाधीचा विचार केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करतो, म्हणाला. त्याला उशीर झाला होता. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. मागे उरलेली दोघं भावंडं पायी भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोचली.

वडिलांची श्रद्धा खोटी होती, असं रमाबाईंनी कधी म्हटलं नाही. दोघा आईबापांबद्दल त्या शेवटपर्यंत मायेने लिहीत राहिल्या. ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ हे १८८७चं पुस्तक त्यांनी आईच्या स्मृतीला अर्पण केलं. पण देव पाहून घेईल म्हणत हात बांधून बसण्याची किंमत त्यांना माहीत होती. ख्रिस्ती झाल्यावर त्यांचा विश्वास कधीच बसून राहणारा झाला नाही, त्याची मुळं इथे असावीत असं वाटतं.

कलकत्त्याने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ १८८० साली गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आणि कडेवर वर्षाचीही न झालेली मनोरमा. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना हिंदुस्थानातल्या बायकांना स्त्री-डॉक्टर हव्यात, असं निक्षून सांगितलं. मग स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवून १८८३ साली, ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या पैशांच्या आधाराने, त्या इंग्लंडला निघाल्या.

ते झालं नाही. त्यांना ऐकू कमी येत असे, आणि बहिरेपणामुळे वैद्यकाचा अभ्यास मिटला. रमाबाईंचा हा पहिला मोठा बेत शरीराच्या एका दोषापुढे मोडला. भाविक चरित्रांत असा प्रसंग आला की लगेच पुढच्या यशाचं बोट दाखवून, बघा, देवाची योजना किती मोठी होती, असं म्हणायची पद्धत आहे. ते जरा घाईचं होतं. डॉक्टर झालेल्या रमाबाईंनी काय केलं असतं, ते कोणीच सांगू शकत नाही. एवढं मात्र खरं की त्यांनी रडत बसण्यापेक्षा शिक्षणाकडे मोर्चा वळवला आणि तो पुन्हा फिरवला नाही.

वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनी संघात त्या राहत होत्या. तिथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. नंतर चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात, प्राचार्या डोरोथिया बील यांच्या छायेत, त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी नापसंती कळवली: हिंदू समाजात याचा गैरअर्थ होईल, नव्याने ख्रिस्ती झालेल्या बाईने वडीलधाऱ्यांचं ऐकावं. यावर रमाबाई, वाँटेजच्या भगिनी संघातल्या सिस्टर जेराल्डिन आणि बील यांच्यात झालेला पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे, आणि मराठी ख्रिस्ती माणसाने तो एकदा तरी वाचावा. सिस्टर जेराल्डिन त्यांना नम्रतेचे धडे देतात. चर्चच्या आज्ञेत राहणं हेच देवाच्या इच्छेत राहणं, असा त्यांचा सूर आहे. रमाबाईंचं उत्तर असं, की पुरोहितांचं एक जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढलं आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचं घालून घेण्यासाठी नव्हे. आपण देवाचं ऐकू, आणि त्याने दिलेली सदसद्विवेकबुद्धी कोणाकडे गहाण ठेवणार नाही. क्रुसावर लॅटिनच का, संस्कृत अक्षरं का नकोत, असंही त्यांनी विचारलं. त्या शाकाहारीच राहिल्या. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका काढल्या, आणि समजल्याशिवाय होकार दिला नाही.

सिस्टर जेराल्डिन यांनाही न्याय द्यायला हवा. त्यांचा रमाबाईंवर जीव होता आणि छोट्या मनोरमेला त्यांनी आजीच्या मायेने सांभाळलं. पण त्यांच्या लेखी देवाची योजना म्हणजे एक शिस्तबद्ध संस्था होती, आणि तिच्या पायऱ्या इंग्लंडात कोरलेल्या होत्या. रमाबाईंना त्या पायऱ्यांवरून देव दिसत नव्हता, असं नाही. फक्त तिथून हिंदुस्थान नीट दिसत नव्हता.

असं स्वातंत्र्य राखणाऱ्या बाईनेच पुढे लिहिलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या साक्षीतला हा कबुलीजबाब आहे. विल्यम हॅस्लम यांचं ‘फ्रॉम डेथ इन्टु लाइफ’ हे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आलं. हे हॅस्लम मोठे गमतीचे गृहस्थ: कॉर्नवॉलमधल्या बाल्ड्यूचे पाळक, १८५१ साली व्यासपीठावर प्रवचन देता देता स्वतःच्याच शब्दांनी त्यांचं परिवर्तन झालं, आणि श्रोत्यांच्या ते डोळ्यांदेखत लक्षात आलं. रमाबाईंना त्या पुस्तकात आपला प्रश्न दिसला. बुद्धीने पटलेली मतं एका बाजूला, आणि स्वतःला पूर्णपणे स्वाधीन करणं दुसऱ्या बाजूला. १८९१ साली ते स्वाधीन होणं घडलं, असं त्या सांगतात. त्यानंतर माणसांच्या आज्ञेबाबत त्या मऊ झाल्या का? उलट जास्तच कठीण झाल्या.

११ मार्च १८८९ला मुंबईत उघडलेली विधवांची ती शाळा, म्हणजे शारदा सदन, दीड-एक वर्षाने पुण्यात आली होती. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. बॉस्टनची अट अशी, की शाळेत धर्मप्रसार होणार नाही. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’त टीकेची झोड उठली, १८९३च्या ऑगस्टमध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं आणि पंचवीसच्या आसपास मुली पालकांनी नेल्या. इथे रमाबाईंची बाजू घेताना हेही मानायला हवं, की तक्रार अगदीच निराधार नव्हती. विधवा मुलींना घराबाहेर पाठवायला धजावलेल्या थोड्या पालकांनी ज्या भरवशावर पाठवलं होतं, तो भरवसा उघड्या दारामुळे डळमळला. रमाबाईंचं म्हणणं, मी कोणाला बोलावत नाही आणि कोणाला हाकलणारही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकमेकींत बसत नाहीत.

लोणावळ्याला भरलेल्या एका ख्रिस्ती मेळाव्यात रमाबाईंबरोबर ख्रिस्तावर विश्वास ठेवलेल्या पंधरा मुली होत्या. तिथे त्यांनी देवाकडे पंधराचा वर्ग मागितला: दोनशे पंचवीस. सदनात तेवढी जागाही नव्हती. गणित घालून प्रार्थना करणारी ही बाई, हे त्यांचं खास लक्षण. पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपली स्वतःची उपाशी भटकंती आठवून त्या तिकडे गेल्या. रस्त्यांवर, गरीबखान्यांत, दलालांच्या तावडीत सापडलेल्या मुली पाहिल्या आणि शेकडोंनी त्यांना घेऊन आल्या. बॉस्टनचा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी होता, या मुलींसाठी नव्हता. तेवढ्यात प्लेगच्या बंदोबस्तामुळे पुण्यातल्या वसतिगृहात नवी माणसं ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग उरलं केडगाव.

प्लेगच्याच काळातली आणखी एक गोष्ट. सदनातल्या मुलीला प्लेगच्या रुग्णालयात नेल्यावर तिथे स्त्रियांची कशी दैना होते, याबद्दल रमाबाईंनी १८९७ साली ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिलं. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते आरोप नाकारले. प्रकरण विलायतेपर्यंत गाजलं. देव पाहून घेईल म्हणून सरकारला सोडायचं, हे त्यांच्या विश्वासात बसत नव्हतं.

केडगावला झोपड्या उभ्या राहिल्या, नंतर पक्क्या इमारती, १८९८च्या सप्टेंबरात मुक्ती सदनाचं समर्पण झालं. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्यावर तिथली वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली. आता ते नुसतं विधवांचं घर राहिलं नव्हतं. अनाथ, अंध, फसवल्या गेलेल्या, म्हाताऱ्या, सगळ्यांचं गाव झालं होतं. बागेचा बेत मोडला आणि उच्चवर्णीयांच्या शाळेचाही. स्वतःच्या जातीच्या बायकांसाठी काम करायला निघालेल्या रमाबाईंना दुष्काळाने जातीच्या बाहेर आणून सोडलं.

पैशाचं काय? इथे रमाबाईंनी ज्यांची चरित्रं वाचली ती माणसं आठवतात: चायना इनलंड मिशनचे हडसन टेलर, न्यू हेब्रिडीज बेटांवरचे जॉन पेटन आणि ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर. म्यूलर यांनी १८३० साली पाळकाचा ठरलेला पगार सोडला, १८३६ साली अनाथगृह उघडलं, १८७०पर्यंत अ‍ॅशली डाउनवर पाच मोठ्या इमारती झाल्या आणि तिथे २,०५० मुलांची सोय झाली. नियम दोनच: कर्ज काढायचं नाही आणि कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे. मात्र ते दरवर्षी पैशापैशाचा अहवाल छापत. तो अहवाल हीच एक प्रकारची याचना नव्हती का, असं टीकाकार विचारत आले आहेत, आणि प्रश्न चुकीचा नाही. पण आलेला प्रत्येक शिलिंग कुठे गेला हे जाहीर सांगणारा माणूस विश्वासाच्या नावाखाली काही झाकत नव्हता.

रमाबाईंनी तोच मार्ग धरला, पण आपल्या पद्धतीने. मुक्तीत प्रार्थना चाले आणि मागही चाले. शेती, गाईगुरं, तेलाची घाणी, शिवणकाम, छापखाना. मनोरमेने अमेरिकेत ब्रेल शिकून घेतलं आणि अंध मुलींना शिकवलं. ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रिकेतून कामाची खबर देणगीदारांना जाई. १९०५ साली तिथे मोठं आध्यात्मिक संजीवन झालं, मुली तासन्‌तास रडत प्रार्थना करू लागल्या, बाहेर टीकाही झाली. चूल मात्र त्या दिवसांतही पेटवावीच लागत होती, कारण जेवणारी तोंडं शेकड्यांनी होती.

ख्रिस्ती घरांतल्या दिनदर्शिकांवर यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं एक वचन हटकून असतं: देवाच्या मनात आपल्या भल्याचे संकल्प आहेत, या अर्थाचं. नोकरी, लग्न, व्हिसा, सगळ्याला ते लावलं जातं. ते वचन एका पत्रातलं आहे, आणि पत्र बाबेलात कैद होऊन गेलेल्या यहूद्यांना लिहिलेलं आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो, दोन वर्षांत सगळे घरी परत येतील. लोकांना ते आवडलं असणार. यिर्मया सांगतो, सत्तर वर्षं लागतील. तोवर तिथे घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या परक्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. दिनदर्शिकेवर एवढी जागा नसते.

या विश्वासाचा भार कोणावर पडतो, हे मराठीत सगळ्यात चांगलं लिहून ठेवलं ते लक्ष्मीबाई टिळकांनी. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नीला विचारलं नव्हतं. पाचेक वर्षं ताटातुटीची गेली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, त्यांच्या स्वतःच्या वेळी, स्वतःच्या कारणांनी. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला; संप्रदायांच्या भिंती नसलेली देशी मंडळी त्यांना हवी होती. पगार गेला. टिळकांचं समर्पण थोरच होतं, पण घरात पीठ आहे का, हे पाहायचं काम त्या समर्पणात धरलेलं नव्हतं. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येतं ते लक्ष्मीबाईंच्या तोंडच्या मिष्किल सुरामुळे. पोथीतल्या संतांच्या बायकांना असं बोलायची संधी मिळालेली नाही. टिळक १९१९ साली वारले, आणि त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

रमाबाईंच्या बाबतीत भार त्यांनी स्वतःवर घेतला, आणि मनोरमेवर. मुक्तीची धुरा मनोरमेने उचलायची, हे ठरल्यासारखंच होतं. २४ जुलै १९२१ला, चाळिशीत, मनोरमा गेली. रमाबाईंच्या हातात त्या वेळी एकच मोठं काम उरलं होतं: बायबलचं भाषांतर. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणायचं, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. सुमारे अठरा वर्षं हे काम चाललं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्याच बायका. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून झालं.

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी ते उपासनेत घेतलं नाही. व्यासपीठांवर बायबल सोसायटीचं भाषांतरच राहिलं, आजही बहुतेक ठिकाणी तेच आहे. अठरा वर्षांच्या या कामाला देवाच्या योजनेत कुठे बसवायचं, हे ज्यांना ठरवायचं असेल त्यांनी ठरवावं. रमाबाईंनी ते केडगावच्या ज्या बायकांसाठी केलं, त्यांनी ते वाचलं. मुक्ती मिशन केडगावला अजून चालू आहे.